पहिल्या रात्रीचे पैसे

'एकटी परदेशात जातेस, भीती नाही गं वाटत?' हा प्रश्न मला घरच्या लग्नकार्यात, ऑफिसात, सकाळच्या लेडीज डब्यात सतत विचारला जातो. विचारणाऱ्या बहुतेक मावशी-काकूंच्या वयाच्या असतात, आणि मुलुंडहून घाटकोपर येईपर्यंत मनातला खरा प्रश्न बाहेर येतो: 'आमची पण जायचं म्हणतेय. जाऊ द्यावं का?' धावत्या गाडीत उत्तर अर्धंच राहतं, म्हणून मावशी, तुम्ही विचारलंत त्याचं सविस्तर उत्तर इथे देते.

भीती वाटते. दर वेळी वाटते. पण अख्ख्या देशाची नाही वाटत, पहिल्या संध्याकाळची वाटते. विमानतळाबाहेर पाऊल टाकलंय, हातात सामान आहे, फोनला नेटवर्क आलेलं नाही, पाकिटातल्या नोटांचा हिशेब अजून डोक्यात बसलेला नाही आणि टॅक्सीवाले चारी बाजूंनी हाका मारतायत. ही इथे नवखी आहे, हे त्या तासाभरात कोणीही ओळखतं. एकदा खोलीचं दार आतून लावलं, सिमकार्ड सुरू झालं, आंघोळ झाली की तेच शहर ओळखीचं वाटायला लागतं.

म्हणून मी कोणाला धाडसाच्या गोष्टी सांगत नाही, पैशांचं सांगते. एकट्या बाईला प्रवास महाग पडतो. चौघं मिळून गेले की खोलीचं भाडं चौघांत वाटलं जातं, मी ते एकटी भरते. ऑफिसातले मुलगे रात्री दोनला पोचणारं स्वस्त विमान पकडतात आणि उजाडेपर्यंत विमानतळावरच्या बाकावर आडवे होतात. मी दिवसाउजेडी पोचणारं विमान घेते, मग ते दोन-चार हजारांनी महाग का असेना. काउंटरवर चोवीस तास माणूस असेल आणि मोठ्या रस्त्यापासून आत गल्लीबोळात जावं लागणार नाही, अशी जागा घेते. उशीर झाला तर चालत जायच्या अंतरालाही गाडी बोलावते. हा सगळा बाई असण्याचा भुर्दंड आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. पण रागाच्या भरात मी तो वाचवायला जात नाही. काटकसर जेवणात करते, खरेदीत करते, युरोपऐवजी जवळचा देश निवडून करते. पहिल्या रात्रीत करत नाही.

पहिल्यांदा एकटी गेले ती व्हिएतनामला. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे ९० दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा मिळतो. एका प्रवेशासाठी २५ डॉलर भरायचे, घरबसल्या अर्ज करायचा, आलेला कागद छापून सोबत ठेवायचा. मुंबईहून रात्री निघालं की हनोईला सकाळी उतरता येतं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. नोई बाई विमानतळ शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर लांब आहे, आणि ८६ नंबरची नारिंगी बस थेट जुन्या हनोईत नेते. तिकीट ४५,००० डाँग. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण आपले दीडशेच्या आसपास रुपये होतात. भर सकाळी त्या बसनं मी निवांत गेले. रात्री उतरले असते, तर गाडीचा नंबर आणि रस्ता घरी पाठवता येईल अशी ॲपवरची टॅक्सी केली असती आणि दुप्पट-तिप्पट पैसे गेल्याचं वाईट वाटून घेतलं नसतं.

पण त्या प्रवासातलं मला सांगायचंय ते रेल्वेचं. सा पा नावाच्या डोंगरातल्या गावी जायला हनोईहून लाओ काईपर्यंत रात्रीची गाडी आहे. मऊ गाद्यांच्या डब्यात चार-चार बर्थच्या बंद खोल्या असतात, दाराला आतून कडी. बायकांची वेगळी खोली वगैरे काही नाही, ज्याला जो नंबर मिळाला तो त्याचा. आपल्याला मुंबईत लेडीज डबा इतका अंगवळणी पडलाय, १९९२च्या ५ मेपासून तर चर्चगेट-बोरिवली अख्खी लेडीज स्पेशल धावायला लागली, की हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. माझ्या खोलीत तीन पुरुष आधीच बसलेले. सभ्य वाटले. एकानं माझी बॅग वर ठेवायला हात पुढे केला. कोणी काही वावगं बोललं नाही की वागलं नाही. तरी दार लावून रात्रभर तिथे झोपायचं मला पटेना, आणि पटत नाही एवढं कारण पुरेसं असतं, असं माझं ठाम मत आहे.

गाडी अजून फलाटावरच होती. मी फोनवर वाक्य त्यांच्या भाषेत करून डब्यावर ड्यूटीला असलेल्या बाईंना दाखवलं: 'बायका असलेल्या खोलीत जागा मिळेल का?' त्यांनी ते वाचलं, खोलीत डोकावून पाहिलं, हातातल्या यादीवर बोट फिरवत खालपर्यंत आल्या आणि खूण करून मला पुढे घेऊन गेल्या. दोन खोल्या सोडून एक आजी आणि त्यांची कॉलेजातली नात बसली होती. त्यांच्या खोलीतल्या माणसाला माझा नंबर देऊन माझ्या खोलीत पाठवलं, तो हसत उठून गेला. मी बसते न बसते तोच आजींनी पपनसाची सोललेली फोड पुढे केली, तिखटमिठाच्या पुडीसकट. आमच्या आजोळी कोकणात पपनस साखर लावून खातात. तिखटमीठ लावलेलं जास्त चांगलं लागतं, हे मी तेव्हापासून घरात सगळ्यांना सांगतेय.

सगळं मिळून पाच मिनिटांत झालं. पण त्या पाच मिनिटांसाठी मुलींना तयार करावं लागतं. 'उगाच कशाला लोकांना त्रास', 'एका रात्रीचा तर प्रश्न आहे', हे आपण त्यांना लहानपणापासून ऐकवत आलेलो असतो. गाडी सुटायच्या आत, खोलीचं आगाऊ भाडं द्यायच्या आत, टॅक्सीत बसायच्या आत 'नाही' म्हणता आलं, तर पुढचा कितीतरी मनस्ताप टळतो.

बाईमाणसाला 'एकटी का?' म्हणून विचारणं काही आजचं नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकायला अमेरिकेला निघाल्या, त्याआधी फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी जाहीर सभेत लोकांच्या शंकांना एकेक करून उत्तरं दिली. त्यांत 'एकटी का जाता?' हा प्रश्न होताच. दोघांच्या प्रवासाइतके पैसे नाहीत, शिवाय नवऱ्यावर, गोपाळरावांवर, म्हाताऱ्या आईवडिलांची आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. अठराव्या वर्षातली मुलगी, भरसभेत, घरच्या पैशांची स्थिती न लाजता सांगते! एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. मिशनरी बायकांची सोबत होती, घरचं माणूस कोणी नव्हतं. १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. शाळेत आपण त्यांचं धाडस आणि त्यांचा अकाली मृत्यू तेवढा शिकतो. मला त्यांचा हा रोखठोक हिशेब फार जवळचा वाटतो.

तेव्हा मावशी, तुमच्या मुलीला जायचं असेल तर दोन गोष्टी आजच सुरू करा. एक, तिच्या स्वतःच्या नावानं, तिच्या पगारातून आरडी. वडिलांनी दिलेल्या पैशांवर गेलं की तिथून लवकर परत बोलावणंही सोपं होतं. दुसरी, पासपोर्ट. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलीला त्यासाठी वडिलांची किंवा नवऱ्याची सही लागत नाही. २०१६च्या डिसेंबरमध्ये नियम आणखी सुटसुटीत झाले: आई किंवा वडील, कोणा एकाचं नाव दिलं तरी चालतं, आणि लग्नाचा दाखलाही मागत नाहीत. लोअर परळ, मालाड, ठाणे, यांतलं जवळचं केंद्र निवडायचं. परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी पासपोर्टची मुदत उरलेली असावी, कितीतरी देश ते बघतात. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. जिथे सक्ती नाही तिथेही मी विमा काढतेच.

मग तिला बसवून विचारा: पहिल्या रात्री कुठे राहणार, विमानतळावरून तिथे कशी जाणार, त्याला किती पैसे लागतील, आणि ती जागा पसंत पडली नाही तर दुसरीकडे जायला वेगळे पैसे ठेवलेत का? ही उत्तरं तिच्याकडे तयार असतील, तर खुशाल जाऊ द्या. बाकीचा प्रवास तिला तिथे पोचल्यावर ठरवता येईल.

आणि थोडं तुमच्यासाठी. माझ्या आईला आधी दर तासाला फोन करावासा वाटायचा. मी संग्रहालयात असायचे, फोन बंद असायचा, आणि इकडे घरात रडारड. आता आमचं ठरलंय. निघायच्या आदल्या दिवशी मी एक कागद छापून फ्रिजवर लावते: विमानांचे नंबर, प्रत्येक रात्रीचा पत्ता आणि फोन, विम्याचा पॉलिसी नंबर, तिथल्या भारतीय वकिलातीचा नंबर. मदतीसाठीचे तिथले नंबर माझ्या फोनमध्ये असतात: थायलंडला पर्यटक पोलिसांचा ११५५, जपानमध्ये पोलिसांचा ११०, युरोपात ११२. रात्री झोपण्यापूर्वी मी खोलीतून एक मेसेज करते. तो आला नाही तर आईनं आधी हॉटेलला फोन करायचा, तिथे पत्ता लागला नाही तर वकिलातीला. नातेवाइकांना सगळ्यात शेवटी.