लंडन आय झालं असेल तर आता खेड्यात चला

आपले नाशिकचे लोक इंग्लंडला गेले की लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, फोटो, संपलं! अहो एखादा दिवस खेड्यातल्या जुन्या चर्चेससाठी ठेवा की. माझं सगळ्यात आवडतं हेरफर्डशायरमधलं किलपेक, साधारण ११४० चं, लाल सँडस्टोनचं, छोटुसं, पण दाराभोवती ड्रॅगन, साप, वेलबुट्टी आणि छताच्या कडेखाली ओळीने कोरलेली तोंडं, त्यातले कुत्रा आणि ससा तर एकदम कार्टूनच, आणि एक बाईचं शिल्प इतकं बोल्ड आहे की सोबत आजी असतील तर पटकन पुढे सरका (सिन्नरचं गोंदेश्वर नीट बघितलेल्यांना काही वाटणार नाही म्हणा).

एसेक्समधल्या ग्रीनस्टेडला ओकच्या उभ्या ओंडक्यांची भिंत आहे, जवळपास हजार वर्षं जुनी, लाकूड बरं का!

आणि केंटमधलं ट्युडली. बाहेरून साधंच, पण बाराच्या बारा खिडक्यांच्या रंगीत काचा चित्रकार मार्क शागालच्या. १९६३ ला सारा नावाची तरुण मुलगी बोटीच्या अपघातात बुडून गेली, तिच्या आठवणीत घरच्यांनी पहिली खिडकी करून घेतली, ती १९६७ ला बसली, मग शागालने बाकीच्याही केल्या, शेवटच्या १९८५ ला लागल्या. त्या काचांचा निळा रंग बघायला ऊन असलेलाच दिवस धरा, आणि रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेवढी वेळ टाळा.