न शिकवणाराही एक माणूस शाळेत हवा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून आठवड्यातले काही तास मी पुण्यात पर्वतीच्या पायथ्याजवळच्या महापालिकेच्या एका शाळेत बसते. मी शिकवत नाही. मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेतली खाती, आधार कार्डावरच्या नावांतल्या चुका, जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले एवढाच माझा प्रांत आहे. या कामातून माझे एक मत तयार झाले आहे. गरीब घरातले मूल शाळेत टिकावे म्हणून लागणाऱ्या योजना आपल्याकडे बऱ्याच आहेत. मात्र ती योजना आणि ते मूल यांची गाठ घालून देणे हेच ज्याचे नेमून दिलेले काम आहे, असे पद शाळेत नाही.

योजना खरोखरच बऱ्याच आहेत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पुस्तके मोफत मिळतात. पोषण आहारातून पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. आठवीतल्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. तिच्यात निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि एकट्या महाराष्ट्राचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे. काही योजना मात्र नावापुरत्या उरल्या आहेत. मागास प्रवर्गांतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता म्हणून १९९२ मध्ये दिवसाला एक रुपया देण्याचे ठरले आणि तीस वर्षांनंतरही तो दर एक रुपयाच होता. त्या रुपयासाठी ठेवाव्या लागणाऱ्या नोंदींच्या कागदाचाच खर्च त्याहून अधिक होत असावा.

सर्वांत जास्त वेळ जातो तो जातीच्या दाखल्यात. महाराष्ट्रात हा दाखला मिळवायचा तर कुटुंब ठरावीक तारखेच्या आधीपासून राज्यात राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. पुरावा म्हणून सर्वांत सहज मानला जातो तो वडिलांचा, आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. म्हणजे ज्या घरातली पहिलीच पिढी शाळेत आली आहे, त्या घराला शिष्यवृत्ती हवी असेल तर मागच्या पिढ्यांनी शाळेत जायला हवे होते. वडार समाजातल्या एका आईने मला विचारले होते, "मॅडम, आजोबाचा दाखला आणू कुठनं? आजोबाचा जल्म खाणीवर गेला." अशा वेळी गावच्या तलाठ्याकडचा जुना उतारा, जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली कोतवाल नोंद, जवळच्या नातलगाला आधीच मिळालेला दाखला, असे दुसरे मार्ग शोधावे लागतात. ते सापडतातही, पण त्यासाठी एखाद्या आईला दोन-तीन दिवसांची मजुरी बुडवून गावी जावे लागते आणि तिथे नेमके काय मागायचे हे तिला कोणीतरी कागदावर लिहून द्यावे लागते. वर्गशिक्षिकेने "दाखला आणा" असे सांगणे आणि दाखला प्रत्यक्ष हातात पडणे यांत किती काम असते, हे मला इथे बसेपर्यंत ठाऊक नव्हते.

बँकेचे काम माझ्या ओळखीचे असल्यामुळे तिथली गंमत, म्हणजे खरे तर अडचण, मला लगेच दिसते. शिष्यवृत्तीसाठी मुलाचे शून्य शिलकीचे खाते उघडले जाते. त्यात वर्षातून एकदा पैसे येतात आणि एखाद्या वर्षी रक्कम उशिरा आली की दोन वर्षे व्यवहारच होत नाही. मग खाते निष्क्रिय ठरते, आलेली रक्कम अडकते किंवा परत जाते आणि घरच्यांना वाटते की शाळेने पैसे दिले नाहीत. शिष्यवृत्ती आणि थेट लाभाची अशी खाती दोन वर्षे व्यवहार नसला तरी निष्क्रिय ठरवू नयेत, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२४ रोजी काढली आणि ती त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून लागू झाली. ती प्रत्येक शाखेतल्या काउंटरपर्यंत पोहोचली आहे असे मात्र नाही. एका शाखेत मला ते परिपत्रक छापून न्यावे लागले, तेव्हा कुठे खाते सुरू झाले. ही लढाई धुणीभांडी करणाऱ्या बाईने एकटीने लढावी अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे.

अर्थात कागद हा प्रश्नाचा एकच भाग झाला. मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी ते सोमवारी येत नाही, मग आठवड्यातून दोन दिवस येत नाही, मग बुडलेला अभ्यास कळत नाही म्हणून वर्गात बसायची लाज वाटू लागते, आणि एके दिवशी हजेरीपटावरचे नाव तेवढे शिल्लक राहते. मुलींच्या गैरहजेरीचे कारण विचारले की बहुतेकदा एकच उत्तर येते, ते म्हणजे धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी कोणी नव्हते. आई सकाळी सातला कामावर निघते, अंगणवाडी नंतर उघडते आणि लवकर सुटते, मधला वेळ थोरल्या मुलीच्या अंगावर पडतो. शाळेच्याच आवारात आणि शाळेच्याच वेळेत बालवाडी भरत असेल तर हा प्रश्न बराचसा सुटतो. पण या मुलीला तिथल्या बालवाडीची गरज आहे हे कळण्यासाठी तिच्या घरी कोणीतरी जाऊन यायला हवे. चाळीस मुलांचा वर्ग, आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना द्यायला मुभा ठेवलेली जनगणनेची व निवडणुकीची कामे सांभाळून शिक्षिकेने गैरहजेरीच्या तिसऱ्या दिवशी वस्तीत जाऊन चौकशी करावी, असे म्हणणे सोपे आहे. काही शिक्षिका तेही करतात. त्यांच्या चांगुलपणावर व्यवस्था उभी करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्या शहरात १८४८ मध्ये भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, त्या शहराला हे नव्याने सांगावे लागू नये. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी तर केलीच, पण गरीब शेतकऱ्यांना गुरे राखायला आणि शेताची राखण करायला मुले घरी लागतात, म्हणून त्यांना शाळेत आणण्यासाठी शिष्यवृत्त्या आणि सहामाही किंवा वार्षिक बक्षिसे द्यावीत असेही सुचवले. सक्ती आणि आधार या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच निवेदनात मागितल्या होत्या.

बांधकामांवरच्या मुलांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. वाघोली, हिंजवडी, आंबेगाव इथल्या इमारतींवर मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून कुटुंबे येतात, एक इमारत झाली की दुसरीकडे जातात. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवू नये असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम ५ सांगते, आणि जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असे कलम १४. प्रत्यक्षात मूल वर्गात बसते, पण जुन्या शाळेने संगणकावर त्याचे नाव मोकळे केलेले नसते, म्हणून नव्या शाळेच्या यादीत ते येत नाही. मग जुन्या मुख्याध्यापकांना फोन करत राहणे हे एक स्वतंत्र काम होऊन बसते. डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था बांधकामांवर जाऊन मुले शोधते आणि बसने त्यांना शाळेपर्यंत पोहोचवते, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसोबत त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचाही पाठपुरावा करते. ही कामे मोलाची आहेत. तरीही संस्थेचा प्रकल्प देणगीवर चालतो आणि देणगी संपली की कार्यकर्ती जाते, शाळा मात्र तिथेच राहते.

सर्वांत मोठी गळती मला चौदाव्या वर्षाच्या आसपास दिसते, आणि त्याचे कारण कायद्यातच आहे. मोफत शिक्षणाचा हक्क चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. बालमजुरीच्या कायद्यातली २०१६ च्या दुरुस्तीनंतरची जवळपास सरसकट बंदीही चौदा वर्षांपर्यंतचीच. त्यानंतर केवळ धोकादायक कामांना मनाई. म्हणजे दोन्ही आधार एकाच वाढदिवशी सुटतात. त्यातच महापालिकेच्या पुष्कळ प्राथमिक शाळा सातवीपर्यंतच असल्यामुळे मुलाला शाळाही बदलावी लागते. नवी शाळा लांब, फी किती ते माहीत नाही, आणि मार्केट यार्डात हमालीला किंवा एखाद्या टपरीवर मुलगा लगेच कमावू शकतो. मुलीच्या बाबतीत घरात लग्नाचे बोलणे निघते. सातवीच्या निकालाबरोबर दाखला हातात देऊन शाळा मोकळी होते. त्या मुलाने आठवीत खरोखर नाव घातले का, हे जून उलटल्यावर विचारणारे कोणीही नसते.

म्हणून निदान दोन-तीन शाळांमागे एक, अशी पूर्ण वेळ पगारी समाजकार्यकर्ती महापालिकेने नेमावी असे मला वाटते. समाजकार्याची पदवी घेतलेल्या मुली पुण्यात दरवर्षी बाहेर पडतात. तीन दिवसांच्या गैरहजेरीनंतर घरी जाणे, दाखल्यांचा पाठपुरावा, आणि सातवीतून गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नव्या प्रवेशाची खात्री ही तिची तीन कामे लेखी ठरवून द्यावीत आणि निवडणुकीच्या कामाच्या यादीत तिचे नाव घालू नये. शाळा व्यवस्थापन समितीत पंच्याहत्तर टक्के सदस्य पालक असतात. या पदाची मागणी त्यांनीच ठराव करून केली तर तिला वजन येईल. आमच्या शाळेत असा ठराव लिहून तयार आहे, पुढच्या बैठकीत तो मांडायचा आहे.

तोपर्यंत कोणाला हातभार लावायचा असेल तर जूनची वाट पाहू नये. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे एप्रिलमध्ये, कुटुंबे सुट्टीसाठी गावी निघण्याआधीच, कोणत्या मुलाचा कोणता कागद गावाहून आणायचा आहे याची यादी पालकांच्या हातात पडली, तर पावसाळ्यातल्या अर्ध्या फेऱ्या वाचतात.