नोट ऑन होताना काय ठरलं होतं

आज दिवसभर एकाच गोष्टीच्या मागे होते, बोट उचललं की नोट बंद झाली पाहिजे. एवढंच. लाइव्ह सेटसाठी मिडी स्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डवरून येणारे मिडी मेसेज (कुठली की दाबली, कधी सोडली) हवे तसे बदलून साउंडकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम, लिहायला बसलं की कर्व्ह, लेयर, नॉब वगैरे सगळं सुचत राहतं पण शेवटी अडतं ते इथेच, कारण साउंड थोडा वेगळा वाजला तर फार कुणाला कळत नाही पण अडकलेली एक नोट पूर्ण हॉलला ऐकू जाते.

आधी एक मूळ गोष्ट लिहून ठेवते. लाइव्ह वाजवण्याच्या सॉफ्टवेअरपैकी मेनस्टेजचा स्क्रिप्टर घ्या, तिथे जावास्क्रिप्ट लिहायची असते, किंवा गिग परफॉर्मर घ्या, त्याची स्वतःची जीपीस्क्रिप्ट आहे, दोन्हीकडे नियम सारखाच. तुम्ही नोटसाठी फंक्शन लिहिलं की ती नोट तिथेच थांबते, पुढे पाठवायची तर तुम्हीच पाठवायची. म्हणजे त्या क्षणापासून प्रत्येक ऑनची (की दाबल्याचा मेसेज) आणि प्रत्येक ऑफची (सोडल्याचा) जबाबदारी आपली. मला हे आवडतं खरं तर, काय चाललंय ते सगळं डोळ्यासमोर असतं.

तर आजचं काम पट्टी बदलायच्या बटणाचं होतं. बटण दाबलं की शिफ्ट दोनने वाढतो, येणाऱ्या नोटमध्ये शिफ्ट मिळवायचा आणि पाठवायचा, अगदी सरळ. आता समजा डाव्या हातात लांब कॉर्ड धरलेली आहे आणि ती धरलेली असतानाच बटण दाबलं. ६० नंबरची की दाबली तेव्हा शिफ्ट शून्य होता म्हणून बाहेर ६० गेली, बोट उचललं तेव्हा शिफ्ट दोन आहे म्हणून ऑफ गेला ६२ ला. ६२ तर वाजतच नव्हती आणि ६० ला बंद करणारं आता कुणीच उरलं नाही. स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीत गणित बरोबर आहे आणि तरी नोट अडकली!

म्हणून ऑफच्या वेळी हिशोब नव्याने करायचाच नाही. ऑनच्या वेळी जे ठरलं ते लिहून ठेवायचं आणि ऑफ आला की तेच वाचायचं, सामान ठेवताना टोकन देतात तसं. १२८ घरांचा एक ॲरे म्हणजे यादी, प्रत्येक कीच्या नंबरला एक घर, सगळीकडे सुरुवातीला उणे एक, की दाबली की त्या घरात बाहेर गेलेली नोट लिहायची, ऑफ आला की घरात जे असेल त्याला ऑफ पाठवायचा आणि घर परत उणे एक. स्प्लिट असेल, म्हणजे कीबोर्डचे दोन भाग वेगवेगळे साउंड वाजवत असतील, आणि चॅनलही बदलत असेल तर चॅनलही त्याच घरासोबत ठेवायचा, कारण स्प्लिट पॉइंटही वाजवता वाजवता हलू शकतो. हे एकदा केलं की पट्टी कधीही बदला, धरलेल्या नोटा जुन्या पट्टीत सुटतात आणि नवीन नोटा नव्या पट्टीत लागतात, वाजवताना तेच तर हवं असतं.

सगळ्या नोटा एकदम बंद करणारं पॅनिक बटण आहेच की, मग एवढं कशाला, असं वाटू शकतं. पण सीसी (कंट्रोल चेंज, पेडल, नॉब वगैरेंचा मिडी मेसेज) १२३ म्हणजे ऑल नोट्स ऑफ पाठवलं की ज्या नोटा मी मुद्दाम धरल्यात त्याही जातात, आणि सस्टेन पेडल खाली असेल तर पेडल सुटेपर्यंत नोटा बंद होत नाहीत, तसं स्पेसिफिकेशनमध्येच आहे. सीसी १२० ने आवाज तिथल्या तिथे तुटतो, शेपूटसुद्धा राहत नाही. पॅनिक बटण असू दे, पण ते आगीच्या वेळचं आहे, रोजच्या वाजवण्यात त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही.

मग व्हेलॉसिटी (की किती जोरात दाबली त्याचा आकडा) शून्यचं प्रकरण. मिडी १९८३ चं, वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटला दहा बिट लागतात म्हणजे तीन बाइटची एक नोट जायला साधारण एक मिलिसेकंद. तेव्हा बाइट वाचवायला रनिंग स्टेटस आलं, सलग एकाच प्रकारचे मेसेज असतील तर पहिला बाइट परत पाठवायचा नाही, आणि ऑफसुद्धा त्यात बसावा म्हणून शून्य व्हेलॉसिटीचा नोट ऑन म्हणजेच ऑफ असं ठरलं. आजही कितीतरी कीबोर्ड ऑफ असाच पाठवतात. आता स्क्रिप्टमध्ये व्हेलॉसिटी कमीजास्त करणारा कर्व्ह असेल आणि कर्व्हचा तळ २० वर ठेवला असेल, हलकं वाजवलेलं दबू नये म्हणून, तर शून्यचे वीस होतात आणि ऑफचा चक्क नवीन ऑन होतो. म्हणून आधी बघायचं शून्य आहे का, असेल तर तो ऑफच्या वाटेने जाणार, कर्व्ह त्यानंतर. आणि कर्व्हमधून जे निघेल ते १ ते १२७ मध्येच राहिलं पाहिजे, खाली दाबणाऱ्या कर्व्हमधून चुकून शून्य निघालं तर नोट लागणारच नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ऑक्टेव्ह डबलिंगवर, म्हणजे प्रत्येक नोटेसोबत वरच्या सप्तकातली तीच नोट वाजवण्यावर, आणि तिथेच खरी मजा आली. ६० दाबली की ६० आणि ७२ वाजतात, ७२ दाबली की ७२ आणि ८४. दोन्ही धरल्या आणि ६० सोडली तर ७२ चं काय करायचं? साध्या स्क्रिप्टमध्ये ती बंद होते, ७२ वर बोट असूनसुद्धा. मग दुसरा ॲरे, बाहेर जाणाऱ्या नोटांचा, त्यात मोजणी ठेवायची की ही नोट आत्ता किती कींनी धरली आहे, ऑनला एक वाढवायचा, ऑफला एक कमी, आणि शून्यावर आली की मगच खरा ऑफ बाहेर जाणार. आणि वाजत असलेल्या नोटेवर दुसरा ऑन आला तर? पियानोला तो हवाच, नाहीतर बोट पडलं तरी ठोका ऐकू येणार नाही. पण काही प्लगइन (आवाज काढणारी सॉफ्टवेअर वाद्यं) दुसऱ्या ऑनला नवीन व्हॉइस, म्हणजे त्याच नोटेचा दुसरा आवाज, उघडतात आणि दोन ऑफची वाट बघत बसतात. म्हणून मी नवीन ऑनच्या आधी जुन्याला ऑफ पाठवते आणि लगेच ऑन. स्ट्रिंग पॅडला मात्र दुसरा ऑन पाठवतच नाही, तिथे परत अटॅक आला की सलग आवाजात खड्डा पडतो. प्रत्येक साउंडसाठी हे वेगळं ठरवायचं आणि ते कानानेच ठरतं.

पेडलचं दुखणंही याच घरातलं. सीसी ६४, किंमत ६४ किंवा वर म्हणजे दाबलेलं, ६३ किंवा खाली म्हणजे सुटलेलं. पेडल खाली असताना पॅच, म्हणजे वाजणारा साउंड, बदलला तर पेडल सुटल्याचा मेसेज नव्या पॅचला जातो आणि जुना बिचारा अजून पेडल धरून बसलेला. म्हणजे पेडल दाबताना कुठल्या साउंडला दाबलं होतं तेही लक्षात ठेवायचं आणि सुटल्यावर त्यालाच सांगायचं. एक आहे, किमती ० आणि १२७ अशा गोल करून पाठवायच्या नाहीत, बरेच पियानो प्लगइन अर्धं पेडल ओळखतात आणि ती मधली जागा फार सुंदर वाजते.

प्लगइनचे पॅरामीटर हा वेगळाच प्रांत. होस्टकडून, म्हणजे प्लगइन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून बघितलं तर व्हीएसटी प्रकारच्या प्लगइनमध्ये सगळं ० ते १ मध्ये, मग तो कटऑफ (फिल्टर कुठल्या कंपनसंख्येपासून आवाज कापतो ती जागा) असो की रिव्हर्ब. आणि माझ्या हातातला नॉब देतो १२८ पायऱ्या. कटऑफ २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत म्हणजे जवळपास दहा ऑक्टेव्ह, लॉग स्केलवर पसरले तर नॉबची एक पायरी म्हणजे जवळजवळ एक सेमीटोन! रेझोनन्स (कटऑफजवळचा आवाज उठवणारा) वर असेल तर हळू फिरवताना जिना चढल्यासारखं स्पष्ट ऐकू येतं. म्हणून नॉबची किंमत थेट पॅरामीटरला द्यायची नाही, ते फक्त ध्येय, आणि टायमरने दर काही मिलिसेकंदांनी उरलेल्या अंतराचा थोडा भाग कापत जायचं. फार हळू केलं तर हात आणि आवाज यांची फारकत होते, ते मला अजिबात सहन होत नाही.

पॅच बदलल्यावर नॉब एका जागी आणि पॅरामीटर भलत्याच जागी, तिथे हात लावला की आवाज उडी मारतो. त्यावर पिकअप, म्हणजे नॉबची मागची किंमत आणि आताची किंमत यांच्या मधे पॅरामीटरची किंमत येईपर्यंत काहीच करायचं नाही, ओलांडली की मग पकडायचं. इथेही जुनी किंमत लक्षात ठेवणं आलंच. आणि स्क्रिप्टने पॅरामीटर बदलला की प्लगइन परत कळवतं, बदलला म्हणून, त्यावर आपलं फंक्शन परत चालतं, परत बदलतं, म्हणून आपणच पाठवलेली किंमत परत आली तर सोडून द्यायची.

पॅरामीटरचे नंबर सगळे स्क्रिप्टच्या वर एका जागी नावं देऊन ठेवलेत, प्लगइनच्या नव्या आवृत्तीत क्रम बदलला तर एकच जागा बघावी लागेल. आणि वाजवताना स्क्रिप्टच्या नोंदी छापणं बंद, १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) ४४.१ किलोहर्ट्झला जेमतेम २.९ मिलिसेकंदांचा असतो, त्यात अक्षरं जुळवत बसायला वेळ नको.

उद्या तपासायचं ते असं, पेडल खाली ठेवून दोन्ही हातांत कॉर्ड धरायची, पट्टी बदलायची, पॅच बदलायचा, मग बोटं उलट्या क्रमाने एकेक करून सोडायची आणि शेवटी पेडल. त्यानंतर दोन्ही ॲरे छापून बघायचे, एकात सगळीकडे उणे एक आणि दुसऱ्यात सगळीकडे शून्य दिसलं पाहिजे. मग हेच डबलिंग चालू ठेवून परत.