धुळ्याच्या तुरुंगातले विनोबा

आम्हाला नववीत मराठी शिकवणारे सर निबंधाला नुसते गुण देऊन मोकळे होत नसत. वह्या तपासून झाल्या की ते एकेकाला उभं करत आणि निबंधातूनच एक प्रश्न काढत. खरा तास तिथून सुरू व्हायचा. 1982 ची दिवाळीची सुट्टी संपवून शाळेत आलो तेव्हा फळ्यावर विषय होता, ‘भेटावेसे वाटणारे राष्ट्रीय नेते’.

वर्गात नेताजी बरेच निघाले, शास्त्रीजीही निघाले. एकाने पंडित नेहरू लिहिले होते, कारण त्याचे आजोबा 1936 च्या डिसेंबरात बैलगाडीने फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले होते. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींच्या आग्रहाने ते खेड्यात झालं, नंदलाल बोसांनी बांबूंनी ते नगर सजवलं आणि नेहरू अध्यक्ष होते. झेंडा चढवताना दोरी वर अडकली तेव्हा शिरपूरचे किशनसिंग राजपूत तो उंच खांब चढून गेले आणि त्यांनी झेंडा मोकळा केला. सरांनी त्या मुलाला विचारलं, “नेहरू भेटले तर काय विचारशील?” तो म्हणाला, “झेंडा अडकला तेव्हा तुमच्या मनात काय आलं?” सर इतके खूश झाले की ते उत्तर त्यांनी शेजारच्या वर्गात जाऊन सांगितलं.

मी विनोबा लिहिले होते. 15 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारला त्यांचं निधन झालं होतं. अन्न आणि औषध थांबवून त्यांनी देह ठेवला, एवढं रेडिओवर ऐकलं होतं. पांढरी दाढी, पायी चालणारा संत, भूदान, असं सगळं मी लिहिलं. सरांनी वही हातात धरून एवढंच विचारलं, “कोणते विनोबा?”

मला प्रश्नच कळला नाही. मग सरांनी सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो. 1932 साली विनोबा आपल्या धुळ्याच्या तुरुंगात होते. वय छत्तीस. त्या तुरुंगात दर रविवारी ते कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. 21 फेब्रुवारीला सुरुवात झाली आणि 19 जूनला अठरावा अध्याय संपला. अठरा रविवार, एकही चुकला नाही. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाज होते, गुलझारीलाल नंदा होते आणि साधे कैदीही होते. समोर बसून साने गुरुजी झपाझप लिहून घेत होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून ते चळवळीत उतरले होते. ते तिथे नसते तर ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हातात नसती. धुळं आमच्यापासून एसटीने तासाभरावर. बाजाराला, दवाखान्याला आम्ही तिथे जायचो, पण त्या भिंतीआड हे घडलं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी स्वतःची प्रत मला वाचायला दिली. कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि आतल्या पानावर खाकी कागदाचं ठिगळ.

पुढे मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक झालो. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मोजणी करण्यात उभी नोकरी गेली. ज्याने कधी मोजणी पाहिली नसेल त्याला सांगतो, वावरात टेबल मांडून आपण जुन्या नकाशावरून हद्दीची खूण शोधत असतो आणि दोन्ही बाजूंना सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. वाद हातभर बांधाचा. “भाऊ शे म्हनीसन काय व्हयनं?” म्हणजे भाऊ आहे म्हणून काय झालं, हे वाक्य मी किती बांधांवर ऐकलं! दगड निघाला तरी एक भाऊ म्हणणार, दगड सरकवलाय.

अशा वेळी मला पहिल्या अध्यायावरचं प्रवचन आठवायचं. अर्जुन भित्रा नव्हता, असं विनोबा तिथे सांगतात. समोर परके असते तर तो लढलाच असता. आपली माणसं दिसली आणि त्याला एकदम अहिंसा सुचली. त्यासाठी त्यांनी न्यायाधीशाचा दाखला दिला आहे. त्याने अनेकांना फाशी दिली, पण स्वतःचा मुलगा खुनी म्हणून पुढे आला तेव्हा फाशीची शिक्षाच कशी अमानुष आहे हे तो बोलू लागला. हे मी गावोगावी पाहिलं आहे. साऱ्या गावाचे बांध न्यायाने मिटवणारा पंच स्वतःच्या भावाच्या वाटणीला आला की त्याला भलताच कायदा आठवतो. छत्तिशीतला माणूस तुरुंगात बसून हे इतकं नेमकं बोलून गेला, म्हणून मला तो भेटायला हवा आहे.

आणि याच माणसाने पुढे लोकांकडे जमीन मागितली. 18 एप्रिल 1951 ला तेलंगणात पोचमपल्लीला दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर मागितली. विनोबांनी गावापुढे शब्द टाकला आणि रामचंद्र रेड्डी शंभर एकर देतो म्हणून उभे राहिले. पुढे तेरा वर्षं पायी चालून विनोबांनी चाळीस लाखांवर एकर जमवली. त्यांनी पाच कोटी मागितली होती. जमवलेल्यातली बरीच खडकाळ निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. हे मी जमिनीचा माणूस म्हणून दुःखाने लिहितो. तरीही हातभर बांधासाठी भाऊ कोर्टात जाताना पाहिले असल्यामुळे, नुसत्या मागण्यावर माणसाने शंभर एकर द्यावी याचं मोल मला फार आहे.

सर आणीबाणीबद्दल मात्र हळहळत. 1975 साली मौनात असलेल्या विनोबांनी ‘अनुशासन पर्व’, म्हणजे शिस्तीचा काळ, असे दोन शब्द लिहिले आणि ते सरकारच्या बाजूचे म्हणून गाजवले गेले. त्यांचा तो अर्थ नव्हता असं पुष्कळजण सांगतात. सर म्हणत, एवढ्या मोठ्या माणसाने त्या वेळी स्पष्ट बोलायला हवं होतं. मलाही तसंच वाटतं, आणि त्याने माझी ओढ कमी होत नाही.

सर आता नाहीत. शाळेच्या या अमृतमहोत्सवात त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं ठरवून मी हे लिहायला बसलो. सर, धुळ्याचे विनोबा. जून महिन्यातला, अठराव्या अध्यायाचा शेवटचा रविवार. प्रवचन संपलं की मी त्यांना विचारीन: स्वजनांचा मोह सोडा असं तुम्ही सांगितलंत ते पटलं, पण बांधाच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या दोन भावांना ते कोणत्या शब्दांत सांगायचं? मला गीतेतला श्लोक नको. दुपारी वावरात, दोघांच्या हातात कुदळ असताना चालेल असं वाक्य हवं.