माझा अनुभव: तेरावं जनुक कुठे गेलं?

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मला अंटार्क्टिकाचा आइसफिश मिळाला. मासा नव्हे, खुल्या डेटाबेसमधली त्याच्या डीएनएच्या वाचलेल्या तुकड्यांची (रीड्सची) फाइल. उणे १.९ अंशांच्या पाण्यात राहणारा, रक्तात हिमोग्लोबिनच नसलेला हा प्राणी मी भर मे महिन्यात कांदिवलीत पंख्याखाली बसून जुळवत होते. आईला सांगितलं तर म्हणाली, "पांढऱ्या रक्ताचा? कोळणीने आणला तर मी परत पाठवीन."

पृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीच्या ऊर्जाकेंद्रात) साधारण १६-१७ हजार बेसचं, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचं, गोल वर्तुळ असतं. त्यात ३७ जनुकं: १३ प्रथिनांची, २२ टीआरएनए, २ आरआरएनए (हे दोन्ही प्रथिनं बांधायला लागणारे आरएनए). माझं वर्तुळ पहिल्याच झटक्यात बंद झालं. केवढा आनंद! पण प्रथिनांची जनुकं भरली १२. एनडी-६ नावाचं जनुक गायब. हे एकच प्रथिन-जनुक डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी उलट्या पट्टीवर असतं, म्हणून आधी सॉफ्टवेअरला दोष दिला. दोन दिवस वाया.

मग वाचन सुरू केलं. या माशांत एनडी-६ नाहीसं झाल्याचं २००७ साली छापून आलं होतं. २०१० मध्ये ते सापडलं. एनडी-५ आणि सायटोक्रोम-बी या जनुकांमधली नेहमीची खोली सोडून, शेजारच्या ग्लुटामेटच्या टीआरएनएसकट त्याने कंट्रोल रीजनजवळ (डीएनएची प्रत काढणं जिथून सुरू होतं त्या भागाजवळ) बिऱ्हाड थाटलं होतं. तो भागही दुप्पट झालेला.

तेव्हा मी कव्हरेजचा, म्हणजे प्रत्येक जागेवर किती तुकडे बसले याचा, आलेख उघडला. तो आधीच बघायला हवा होता, पण वर्तुळ बंद झालं की कोण बघतं? सगळीकडे उंची सारखी, फक्त कंट्रोल रीजनवर जवळजवळ दुप्पट. म्हणजे दोन प्रती एकमेकींवर बसल्या होत्या आणि मधलं एनडी-६ गळून पडलं होतं. १५० बेसचे तुकडे एवढी मोठी पुनरावृत्ती ओलांडणार कसे? टाकून दिलेल्या तुकड्यांत शोधलं तर ते एका छोट्या कॉन्टिगवर (तुकडे जोडून बनलेल्या सलग पट्टीवर) निवांत बसलेलं.

सुदैवाने त्याच प्रजातीचा लांब रीड्सचा डेटाही उपलब्ध होता. काही रीड्स सायटोक्रोम-बीपासून थेट पलीकडच्या १२एस या आरआरएनए-जनुकापर्यंत पोचत होते, मध्ये एनडी-६ घेऊन.

नवा नकाशा सरांना पाठवला. त्यांचा एकच प्रश्न: "अख्खा भाग ओलांडणारे रीड्स किती?"

"सात."

"चालेल. पण आकृतीत सातही दाखव."

ती आकृती अजून चालू आहे.