घोडेस्वारीचं ध्येय वहीत उतरवताना

‘मार्चपर्यंत कँटर.’ ऑक्टोबरात वहीच्या पहिल्या पानावर मी एवढंच लिहिलं आणि दोन आठवड्यांत खोडून टाकलं. (घोड्याची साधी चाल म्हणजे वॉक, दुडकी म्हणजे ट्रॉट, त्याहून वेगाची दौड म्हणजे कँटर.) आपल्यापैकी बहुतेक जण स्वतःच्या घोड्यावर नाही, शिकवणीच्या घोड्यांवर बसतात. आज मिळालेली घोडी टाच लागताच कँटर उचलते. उद्याचा घोडा दोन फेऱ्या टाचा देऊनही ट्रॉटच्या वर येत नाही. दोन्ही दिवशी स्वार तोच, म्हणजे त्या ध्येयानं मोजला तो घोडा. घोडा बदलला तरी टिकेल असं ध्येय स्वाराच्या मांडीत, हातात आणि नजरेत शोधावं लागतं.

सुरुवात ऑक्टोबरात केली ती नागपूरच्या हवामानामुळे. पावसाळ्यात काळी माती खुरांना धरून ठेवते, नाल सैल होतो, कधी निघूनच येतो. रिंगणावर वाळूचा थर नसेल तर ट्रॉटचं कुठलंही माप खरं येत नाही. ऑक्टोबर ते मार्च जमीन एकसारखी असते, म्हणून मोजमापाचं काम त्या सहा महिन्यांत आणि मांड पक्की करायचं काम बाकीच्या काळात, अशी वाटणी केली.

शिकवणीचे पहिले तीन तास फक्त ‘आज कुठे आहोत’ हे मोजण्यात घालवले. हे टाळू नये, कारण सुरुवातीचा आकडा नसेल तर महिन्याभरानं सुधारणा झाली की नाही यावर नुसता वाद होतो. त्याआधी दोन गोष्टी तपासल्या. एक तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा. तो एका दमात आवळायचा नाही: खोगीर ठेवल्यावर हलका, चालवत नेल्यावर थोडा, बसल्यावर पुन्हा, आणि दहा मिनिटं वॉक झाल्यावर शेवटचा. दुसरी रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी. दोन्हीकडची भोकं सारखी मोजली तरी पाय सारखे लांब येतातच असं नाही. सगळे डाव्या बाजूनं चढतात, त्यामुळे डाव्या रिकिबीचा पट्टा वर्षभरात ताणून लांब होतो. मग स्वार नकळत डावीकडे झुकतो आणि गुरुजी ‘सरळ बसा’ म्हणत राहतात. दोन्ही पट्टे काढून शेजारी धरून पाहावेत आणि अधूनमधून त्यांची अदलाबदल करावी. मोजमापातला अर्धा गोंधळ इथेच निस्तरतो.

मोजायला मी २० मीटर व्यासाचं वर्तुळ घेतलं. ड्रेसाज म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली नेमक्या करवून घेण्याचा प्रकार. त्याचं लहान रिंगण २० बाय ४० मीटरचं असतं आणि त्यातल्या ठरावीक जागांना इंग्रजी अक्षरांची नावं असतात. रिंगणाची रुंदीही २० मीटर, म्हणजे एका टोकाचं वर्तुळ त्याच्या बरोबर अर्ध्या भागात बसतं. ते चार ठिकाणी टेकतं: लहान बाजूचा मध्य ए, रिंगणाचा मध्य एक्स, आणि लांब बाजूंवर कोपऱ्यापासून १० मीटरवरचे दोन बिंदू. इथे हमखास चूक होते. के आणि एफ ही अक्षरं कोपऱ्यापासून ६ मीटरवर असतात. स्वार त्या अक्षरांनाच टेकतो, कोपऱ्यात शिरतो आणि वर्तुळाचं अंडं होतं. मी टेप लावून १० मीटरवर फक्कीची खूण केली आणि चारही बिंदूंवर प्लॅस्टिकच्या कोनांची जोडी ठेवली, मधून घोडा जाईल एवढं अंतर सोडून.

या वर्तुळाचा परीघ जवळपास ६३ मीटर. एक जण ए जवळ मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभा राहतो आणि प्रत्येक फेरीची वेळ सांगतो. रायझिंग ट्रॉटमध्ये, म्हणजे तालावर खोगिरातून उठत-बसत केलेल्या ट्रॉटमध्ये, माझ्या पहिल्या पाच फेऱ्या १८ ते २४ सेकंदांच्या आल्या. फेरी जलद होण्याला महत्त्व नाही. फरक ६ सेकंदांचा आहे, हे महत्त्वाचं. म्हणून पहिलं खरं ध्येय असं लिहिलं: ‘डिसेंबरअखेर, कुठल्याही घोड्यावर, दोन्ही हातांना, सलग पाच फेऱ्यांत २ सेकंदांपेक्षा जास्त फरक नको.’ (डावा हात म्हणजे डावीकडे वळत फिरणं, उजवा हात म्हणजे उजवीकडे.) घोडा संथ असेल तर सगळ्या फेऱ्या २२ च्या येतील, चालता असेल तर १८ च्या. दोन्ही चालतील.

मोजणारं कुणी नसेल त्या दिवशी स्वतःचं उठणं मोजावं. रायझिंग ट्रॉटमध्ये घोड्याच्या एका पूर्ण ढांगेला आपण एकदाच उठतो. माझ्या नेहमीच्या घोड्यावर एका फेरीत २६ वेळा उठणं होतं. वेळ आणि मोजणी एकत्र ठेवली की चूक कुठे आहे ते कळतं. मोजणी तीच राहून वेळ वाढली तर ताल मंदावला. वेळ तीच राहून मोजणी वाढली तर ढांग आखडली आणि पावलं घाईची झाली. दोन्ही एकदम वाढली तर बहुधा वर्तुळच मोठं झालं. आणि वर्तुळ मोठं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आतला लगाम ओढणं. मान आत वळते, पण घोडा बाहेरच्या खांद्यातून निसटत बाहेर जातो. स्वार आणखी ओढतो, घोडा आणखी निसटतो. इलाज उलटा आहे: आतला हात सैल, बाहेरचा लगाम स्थिर, बाहेरचा पाय तंगाच्या थोडा मागे, आणि नजर पुढच्या कोनावर नाही, त्याच्या पुढच्या कोनावर.

दुसरं ध्येय बदलांचं होतं. वॉकमधून ट्रॉट, ट्रॉटमधून वॉक, ठरलेल्या अक्षरावर. नियम असा की स्वाराचं शरीर अक्षरासमोर येईल तेव्हा बदल व्हायला हवा, घोड्याचं नाक नाही. अक्षराच्या अलीकडे-पलीकडे २ मीटरवर एकेक खूण केली. त्यात झाला तर एक गुण, नाही तर शून्य. पहिल्या दिवशी १० पैकी ३ आले. वर चढणारे बदल उशिरा होत होते, कारण टाच अक्षरावर दिली जात होती. घोड्याला ऐकून पाय उचलायला एक-दोन पावलं लागतात, तेव्हा सूचना तेवढी आधी द्यायची. खाली उतरणारे बदल बिघडण्याचं कारण वेगळं: हात आधी लागतो, पाठ आणि मांडी नंतर. श्वास सोडत आधी पाठ जड करायची, मग मूठ मिटायची. ‘१० पैकी ८, सलग तीन तासांना’ असं ध्येय ठेवलं. ‘सलग’ हा शब्द मुद्दाम घातला, कारण एखादा दिवस कुणालाही चांगला जातो.

तिसरं ध्येय जमिनीवरच्या बल्ल्यांचं, म्हणजे ओळीनं आडवी टाकलेली लाकडं घोड्यानं ओलांडण्याचं. त्यासाठीचं माप वर्तुळानं आधीच दिलेलं होतं. ६३ मीटरला २६ ढांगा म्हणजे एक ढांग साधारण २.४ मीटर. ट्रॉटमध्ये बल्ल्यांमधलं अंतर अर्ध्या ढांगेचं लागतं, म्हणजे १.२ मीटर. पुस्तकी अंतर मोठ्या घोड्यांसाठी १.३ ते १.४ मीटरपर्यंत असतं. ते आपल्याकडच्या १४-१५ हातांच्या (एक हात म्हणजे ४ इंच) घोड्यांना लावलं तर ते शेवटच्या बल्लीवर पाय आपटतात किंवा मध्येच उडी घेतात. आधी एकच बल्ली, मग एकदम तीन. दोन ठेवू नयेत, कारण कित्येक घोडे दोन बल्ल्या मिळून एकच अडथळा समजतात आणि झेप घेतात. आणखी एक: विदर्भात बांबू सहज मिळतो म्हणून तोच टाकायचा मोह होतो. टाकू नये. हलका गोल बांबू खुराखाली घरंगळतो आणि घोट्याला इजा होते. जड लाकडी बल्ली घ्यावी, दोन्ही टोकांना माती किंवा वाळूची पिशवी लावावी.

ध्येयाची वही तबेल्यातच लिहायची, घोड्याला खरारा करून झाल्यावर लगेच. माझ्या वहीत चारच रकाने होते: घोडा, जमीन, आकडा, कारण. ‘कारण’ रकान्यात ‘घोडा हट्टी’ लिहायचं नाही, हा नियम. तिथे स्वाराची कृतीच यायला हवी: ‘डावी मूठ उघडी’, ‘नजर खाली’, ‘उठताना पुढे कललो’. तीन आठवड्यांची पानं उलटली की तेच तेच कारण दिसतं आणि पुढच्या आठवड्याचं काम आपोआप ठरतं. एका तासाला एकच दुरुस्ती. हात, टाच, नजर तिन्ही एकदम सांभाळायला गेलं की मांड आखडते आणि आकडे आणखी घसरतात.

घोड्याची मर्यादा मात्र ध्येयाच्या वर. नागपूरकर मे महिन्याला घाबरतात, आणि दुपारी ४५ अंशांत घोडा बाहेर काढायचा प्रश्नच नाही. पण पहाटेचं बोलायचं तर घोड्याला सप्टेंबर जास्त जड जातो. यासाठी तबेल्यांत वापरतात तो हिशेब सोपा आहे: फॅरनहाइटमधलं तापमान आणि हवेतली टक्केवारीतली आर्द्रता यांची बेरीज. १३० च्या आत नेहमीचं काम, १५० च्या वर काम निम्मं, १८० ला घोडा बांधलेलाच बरा. मेमध्ये पहाटे ३० अंश सेल्सिअस म्हणजे ८६ फॅरनहाइट, आर्द्रता समजा ४०, बेरीज १२६. सप्टेंबरात तेच ८६ आणि आर्द्रता ८५ धरली तर १७१. घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. अशा दिवशी वहीत आकडा घ्यायचा नाही. वॉकमध्ये रिकिबीविना दहा मिनिटं बसायचं, तेही मांडीचं कामच आहे. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. काम थांबवून वीस मिनिटं झाली तरी ती ६० च्या वर असेल तर त्या दिवशी आपण जास्त मागितलं, असं लिहून ठेवावं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. ढोलांचा आवाज ज्या तबेल्यापर्यंत येतो तिथे त्या दिवशीही मोजणी ठेवू नये.

डिसेंबरअखेर वर्तुळाचा फरक ३ सेकंदांवर अडकला, २ वर आला नाही. उजव्या हाताला जमत होतं, डाव्या हाताला नाही. ध्येय सोडलं नाही, तोडलं: जानेवारीभर फक्त डावा हात, आणि वर्तुळाचे चार तुकडे करून प्रत्येक पाव फेरीची मोजणी. २६ पैकी एका पावात ८ आणि समोरच्या पावात ५ येत होते. म्हणजे वर्तुळ एका बाजूला फुगत होतं, ताल ठीक होता. तीन आठवड्यांत ते निघालं.

मार्चमध्ये गुणांकडे वळलो. ड्रेसाजमध्ये प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण असतात: ५ म्हणजे जेमतेम, ६ समाधानकारक, ७ बऱ्यापैकी चांगलं, ८ चांगलं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघानं ड्रेसाजचं सुवर्ण जिंकलं तेव्हा तीन स्वारांच्या टक्क्यांची बेरीज २०९.२०५ होती, म्हणजे सरासरी सत्तरच्या किंचित आत. हा आकडा माहीत असला की स्वतःच्या ६ गुणांची किंमत कळते आणि ९ च्या मागे धावून घोड्याला दमवणं थांबतं. गुरुजींना मी पाचच हालचालींना गुण द्यायला सांगितले: ए वरून सरळ येणं, एक्सवर थांबणं, दोन्ही हातांची वर्तुळं, आणि ट्रॉटमधून वॉक. थांबण्याला ४ मिळाले, मागचा एक पाय लांब राहिला होता. एप्रिलच्या पानावर पहिली ओळ तीच आहे: ‘एक्सवर थांबणं, चारही पाय चौकोनात, मोजून ४ सेकंद, १० पैकी ६ वेळा.’