गुलमर्गच्या शिकवणीआधी

१८ डिसेंबर, पुणे

आज स्की शिकवणाऱ्या सरांना आगाऊ रक्कम पाठवली. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा पक्का झाला. भाचीला फोन केला तर पलीकडून नुसतं ओरडणं ऐकू आलं.

नाताळच्या सुट्टीतच जा, असा घरातल्या सगळ्यांचा आग्रह होता. मी ऐकलं नाही. २०२४च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं. ऐन हंगामात उतारांवर पिवळं गवत दिसत होतं आणि बर्फ आला तो महिना संपता संपता. काश्मीरचा चिल्ला-ए-कलान, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरू होतो २१ डिसेंबरला. त्या थंडीत पडलेला बर्फ वितळत नाही, थरावर थर साचत जातो. म्हणून फेब्रुवारी. निसर्गाची हमी कोणीच देत नाही, पण शिकायचं तर पायाखाली भरपूर बर्फ असण्याची शक्यता जास्तीत जास्त हवी.

शिकायचं, हे महत्त्वाचं. तिथे तासावर स्की भाड्याने मिळतात, कोणीतरी हात धरून चार पावलं घसरवतं, फोटो निघतात. मला ते नको होतं. १९६८पासून तिथे केंद्र सरकारची संस्था स्कीइंग शिकवते आहे, पण तिथल्या तुकड्यांच्या तारखा आमच्या रजांशी जुळेनात. मग स्थानिक सर शोधले. त्यांना सरळ विचारलं: एका वेळी किती जणांना शिकवता? रोज किती तास? बूट-स्कीचं भाडं यातच की वेगळं? बर्फ नसला तर पैशांचं काय? त्यांनी न कंटाळता एकेकाचं उत्तर दिलं, आणि तिथेच माझा निर्णय झाला.

नंतर त्यांनी आमचं वजन, उंची, वय आणि बुटाचा नंबर विचारला. वजन खरं सांगा, असंही बजावलं. बूट स्कीला जिथे अडकतो त्या बाइंडिंगचा ताण या आकड्यांवरून लावतात. पडल्यावर बूट वेळेवर सुटला पाहिजे. ताण जास्त झाला तर तो सुटत नाही आणि पिळवटतो तो गुडघा. कमी झाला तर चालता चालता स्की निघून जाते. एवढी काळजी घेणारा माणूस मिळाला याचं मला फार समाधान वाटलं.

भाचीला स्नोबोर्डच हवा, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून, आडवं उभं राहून घसरायचं. मी म्हटलं, पहिले दोन दिवस सारखी आपटशील, मनगटं सांभाळ. 'मावशी, तू तुझ्या दोन फळ्या सांभाळ,' म्हणाली. रविवारी ती आली तेव्हा तिला मोजे घालून हॉलमधल्या फरशीवर उभं केलं आणि पाठीमागून न सांगता हलकेच ढकललं. उजवा पाय पुढे गेला. पुन्हा ढकललं, पुन्हा उजवाच. म्हणजे बोर्डावरही बहुधा उजवाच पुढे राहणार. तेही सरांना कळवून टाकलं.

माझी खरी तयारी वेगळीच आहे. सह्याद्रीत उतरायची सवय असलेल्या माणसाचं अंग उतार दिसला की मागे जातं. सिंहगड उतरताना तेच आपल्याला वाचवतं. स्कीवर मात्र मागे रेललात की पुढची टोकं हलकी होतात, वळवता येत नाहीत आणि वेग वाढतो. गुडघे वाकवून, नडग्या बुटाच्या पुढच्या भागावर दाबून, हात पुढे ठेवून उतारालाच सामोरं जायचं असतं. इतक्या वर्षांची अंगवळणी पडलेली गोष्ट उलटी करायची, यासाठी मी मनापासून आसुसले आहे. रोज सकाळी भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना बसल्यासारखी बसते. मांड्या थरथरायला लागल्या की शंभरपर्यंत मोजते. लिफ्ट सोडली, आता जिनाच.

सामानात सुती काहीही नाही. घामाने ओलं झालेलं सुती कापड वाळत नाही आणि अंग गार पाडतं. आत थर्मल, मग फ्लीस, वर पाणी न झिरपणारं जॅकेट. मोजे पातळ आणि लांब, एकच जोडी घालायची. दोन घातले की घड्या पडून पाय चिमटतात, बूटही नीट आवळता येत नाही. चष्म्यावरून बसणारा गॉगल दुकानात लावूनच घेणार आहे.

मोबाइल पोस्टपेड करून घ्यायचा राहिला आहे. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही. आणि परतीचं विमान एक दिवस पुढचं काढते आहे. बर्फवृष्टीत श्रीनगरची उड्डाणं रद्द होतात, गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गहून वर जाणाऱ्या गाड्यांनाही चाकांना साखळ्या लावाव्या लागतात. भाचीच्या साहेबांनी एवढी एक जादा रजा मंजूर केली, तर तिकिटं आज रात्रीच काढीन.